फिफ्थ व्हीलचे हिसके: हिच बदलण्याआधी काय तपासायचं आणि बदलायची कशी

अमेरिकेत किंवा कॅनडात पिकअपमागे फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात नाक टेकवून ओढला जाणारा ट्रेलर, जोडून पहिल्यांदा काँक्रीटच्या हायवेवर निघालं की पाठीला एक ठरावीक मार बसायला लागतो. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर कुणी सीटला मागून लाथ घालतंय असं वाटतं, कपातली कॉफी हिंदकळते. ट्रेलर ट्रकला सारखा ढकलतो आणि लगेच मागे ओढतो. तिथे याला चकिंग म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर जो बसला आहे त्याला हा धक्का नवा नाही. तिथेही कारण तेच असतं: हुकाची पिन आणि तिचं भोक यांच्यात राहिलेली ढील.

नवखा माणूस इथे थेट महागडी एअर हिच, म्हणजे हवेच्या पिशवीवर टेकलेली जोडणी, मागवतो. ती बसवतो, आणि हिसके थोडे मऊ होऊन तसेच राहतात, कारण ढील भलतीकडेच असते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वजन, मग ढील, मग हिचचं डोकं आणि सगळ्यात शेवटी पिन बॉक्स. पहिल्या दोन गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत, आणि बरेचदा काम तिथेच संपतं.

भागांची ओळख

पिकअपच्या बेडमध्ये, म्हणजे पाठच्या उघड्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा त्याच्या दोन-चार इंच पुढे जी बसते ती हिच. तिचे दोन भाग असतात: खाली बैठक आणि वर डोकं. डोक्यात जबडा असतो. ट्रेलरच्या नाकाखाली जो लोखंडी खोका पुढे आलेला दिसतो तो पिन बॉक्स, आणि त्याच्या खाली लोंबणारी २ इंच व्यासाची जाड पिन म्हणजे किंगपिन. जबडा किंगपिनला धरतो, बाकी सगळा भार पिनेभोवतीची सपाट प्लेट हिचच्या डोक्यावर टेकवते. फिफ्थ व्हील हे नाव घोडागाडीच्या काळातलं. चार उभ्या चाकांखेरीज पुढच्या आसावर एक आडवं चाक असायचं आणि त्यावर आस वळायचा, ते पाचवं.

हा जोड मऊ करायची कल्पनाही जुनीच आहे. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने १९२०च्या दशकात जे ट्रेलर काढले त्यांची पिन कारच्या मागच्या भागात आडव्या ठेवलेल्या हवेच्या टायरमध्ये जाऊन बसायची. आजचे एअर पिन बॉक्स त्याच विचाराचे वंशज.

आधी वजनकाट्यावर

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. फिफ्थ व्हीलचंही तसंच होतं. ट्रेलरच्या एकूण भरल्या वजनापैकी साधारण २० टक्के किंगपिनवर यायला हवं, १५ ते २५ टक्क्यांच्या आत तर नक्कीच. पिनेवरचा भार कमी पडला की ट्रेलर आपल्या आसांवर तराजूसारखा झुलतो आणि प्रत्येक झोका ट्रकला लागतो. असा ट्रेलर कुठल्याही हिचने शांत होत नाही. सामान पुढे सरकवलं की होतो.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे ते देतात. आधी ट्रेलर जोडून वजन करा. मग ट्रेलर सुरक्षित जागी उभा करून नुसता ट्रक काट्यावर न्या. दोन्ही वेळा टाकीत डिझेल आणि गाडीत माणसं सारखीच ठेवा.

समजा नुसता ट्रक पुढे ४,७०० आणि मागे ३,३०० पौंड, म्हणजे एकूण ८,००० भरला. ट्रेलर जोडल्यावर पुढे ४,७६०, मागे ५,६४० आणि ट्रेलरच्या आसांवर ९,६०० आले. ट्रकवर वाढलेले २,४०० पौंड म्हणजेच पिनेचा भार. ट्रेलरचं पूर्ण वजन ९,६०० अधिक २,४००, म्हणजे १२,००० पौंड, साधारण ५,४४० किलो. प्रमाण बरोबर २० टक्के. उत्तम.

आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा टायरचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपर्यंत चालेल ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तो आकडा फक्त तुमच्या ट्रकचा असतो. माहितीपत्रकातला मोठा आकडा विसरा. वरच्या उदाहरणात पिनेचे २,४००, हिचचे १८०, चार माणसं आणि त्यांच्या बॅगा मिळून ७०० धरले तर बेरीज ३,२८० होते. फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० अशा हलक्या पिकअपच्या वर्गातला बहुतेक ट्रक इथेच बाद होतो. मागच्या स्प्रिंगखाली एअर बॅग लावल्या की ट्रक सपाट दिसतो, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. दुकानदार काहीही सांगो.

हिचचेही दोन आकडे असतात: ओढायची क्षमता आणि उभा भार. २०,००० पौंडांच्या हिचला उभा भार बहुधा ५,००० पौंडांचा असतो. दोन्ही पाळायचे.

ढील शोधणं

याला दोन माणसं लागतात. सपाट जागी ट्रेलर जोडलेला ठेवा, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. एक जण ट्रकमध्ये बसून ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारी पेटी) हाताची पट्टी दाबून ट्रेलरचे ब्रेक धरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गियर हळूच ड्राइव्हमध्ये, मग रिव्हर्समध्ये टाकतो. दुसरा बाजूला उभा राहून बघतो. हात किंवा डोकं बेडच्या आत घालू नका. फोन व्हिडिओवर लावून बेडमध्ये ठेवा. हळू गतीने पाहिलं की कोणता जोड आधी हलला ते स्वच्छ दिसतं, आणि ‘टक्’ कुठून आला तेही ऐकू येतं.

नजर पाच ठिकाणी हवी. जबड्यात किंगपिन किती सरकते? केसाएवढी हालचाल ठीक. १/८ इंचाच्या वर दिसली तर जबडा झिजला आहे किंवा पिन. पिनेची गोलाई कॅलिपरने दोन दिशांनी मोजा, झीज १/८ इंचापर्यंत पोचली असेल तर पिन बदलायची. डोकं बैठकीवर ज्या आडव्या पिनांवर डुलतं तिथली बुशिंग पाहा. बैठक रेलमध्ये (बेडला बोल्टने बसवलेल्या लोखंडी पट्ट्या) किंवा ट्रकच्या कारखान्यातून आलेल्या चार खाचांमध्ये खडखडते का? पिन बॉक्स ट्रेलरच्या चौकटीत हलतो का? बोल्टांभोवती गंजाचे तांबडे ओघळ दिसले तर तो हलतोच आहे असं समजा. आणि चौकटीच्या वेल्डिंगजवळ रंगाला बारीक भेग असेल तर इथेच थांबा. तो ट्रेलर वेल्डरकडे जायला हवा, नवा पिन बॉक्स त्याच्यावर चढवायचा नाही.

पाचवी जागा बहुतेक जण विसरतात: ट्रेलरच्या पाट्यांच्या स्प्रिंगना जोडणाऱ्या शॅकलच्या पट्ट्या. स्वस्तातल्या ट्रेलरांना इथे प्लास्टिकची बुशिंग येतात. ती झिजली की बोल्ट थेट लोखंडावर घासतो, भोक लांबट होतं आणि अख्खा आस पुढे-मागे चालायला लागतो. तो हिसका हिचमधून आल्यासारखाच वाटतो. उपाय म्हणजे पितळी बुशिंग आणि ग्रीस घालायची सोय असलेले बोल्ट, सोबत जाड पट्ट्या. दोन आसांमध्ये भार वाटणारा इक्वलायझर मोररायड किंवा डेक्स्टर कंपनीचा, रबर असलेला घेतला तर आणखी फरक पडतो. ग्रीस भरताना चौकटीला जॅक लावून चाकांवरचा भार काढा. भार असताना ग्रीस नेमकं जिथे घासतं तिथे पोचत नाही.

हिसका फक्त ब्रेक लावताना येत असेल तर हिचकडे बघूही नका. ट्रेलरचे ब्रेक कमी लागत आहेत आणि तो ट्रकला ढकलतो आहे. मोकळ्या, सपाट, कोरड्या जागी २० ते २५ मैलांच्या वेगाला हाताची पट्टी दाबा, कंट्रोलरचा गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, थोडा थोडा वाढवत ट्रेलरची चाकं अडकायच्या काठावर आणा आणि तिथून किंचित कमी करा.

हिच निवडताना

जबडा दोन प्रकारचा मिळतो. स्वस्त हिचमध्ये पिनेमागे एक आडवी पट्टी सरकून बंद होते. चांगल्या हिचमध्ये दोन जबडे पिनेला चहूबाजूंनी वेढतात, त्यामुळे ढील कमी राहते आणि आवाजही. बी अँड डब्ल्यूची कंपॅनियन, कर्टची ए मालिका या दुसऱ्या प्रकारातल्या. डोकं चारही दिशांनी डुलणारं घ्या. नुसतं पुढे-मागे डुलणारं डोकं उंचसखल कॅम्पग्राउंडवर जोडताना रडवतं, आणि वळणावर चौकटीला पीळ देतं. डोक्याखाली रबर किंवा पॉलियुरेथेनची बुशिंग असलेली हिच लहान कंपनं गिळते.

बेडची लांबी मोजल्याशिवाय काहीही मागवू नका. ट्रेलर १०२ इंच रुंद असेल तर मध्यापासून कोपरा ५१ इंचांवर असतो. ८ फुटी बेडमध्ये हिचच्या मध्यापासून कॅबपर्यंत एवढी जागा सहसा निघते. साडेसहा फुटी बेडमध्ये निघत नाही, आणि तीव्र वळणात ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत घुसतो. त्यावर उपाय म्हणजे मागे सरकणारी स्लायडर हिच, किंवा वळणाचा बिंदूच मागे नेणारा पिन बॉक्स, जसा रीस कंपनीचा साइडवाइंडर. हाताने सरकवायचा स्लायडर फक्त पार्किंगच्या वेगासाठी असतो, रस्त्याला लागण्याआधी तो पुढे आणून कुलूपबंद करायचा. स्लायडरमध्ये सरकणारे सांधे जास्त, म्हणून ढीलही जास्त. लांब बेड असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. साइडवाइंडर जातीच्या पिन बॉक्सला हिचच्या डोक्यात बसणारी पाचर लागते, आणि ती तुमच्याच हिचच्या मॉडेलची हवी. चुकीची पाचर बसवली तर पिन जबड्यात फिरते आणि अख्खी रचना निरर्थक होते.

बेडमध्ये रेल बसवायचे असतील तर ड्रिल लावण्याआधी ट्रकखाली शिरून डिझेलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून गेलं आहे ते पाहा. बोल्ट नुसत्या पत्र्यातून घालायचे नाहीत, ते चौकटीला लावलेल्या ब्रॅकेटमध्ये उतरले पाहिजेत. बेडच्या पत्र्याला पन्हाळीसारख्या घड्या असतात, त्यांच्या खोलगट भागात किटमधले स्पेसर ठेवा, नाहीतर बोल्ट आवळल्यावर पत्रा चेपतो आणि आठवड्याभरात बोल्ट सैल होतो. भोकांच्या कडांना रंग लावा.

डोक्यावर ग्रीस की लूब प्लेट? प्लेट. किंगपिनवर चढवायची ही प्लास्टिकची चकती साधारण १० इंच व्यासाची आणि ३/१६ इंच जाडीची असते, आणि काही डॉलरांत येते. ग्रीसला वाळू चिकटली की त्याचा पॉलिश पेपर होतो. पण चकती एकच लावायची. दोन लावल्या तर पिन तेवढी वर राहते आणि जबडा पूर्ण मिटत नाही.

पिन बॉक्स: रबर की हवा

इथवर आल्यावरही हिसके उरले असतील तर आता पिन बॉक्सवर खर्च करण्यात अर्थ आहे. रबराच्या बॉक्समध्ये, म्हणजे मोररायडचा किंवा लिपर्टचा रोटा-फ्लेक्स, पिन रबरावर टांगलेली असते आणि मुख्यतः पुढे-मागेचा धक्का रबर खातं. देखभाल जवळजवळ शून्य. हवेच्या बॉक्समध्ये एअर बॅग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो, तो उभा आदळ चांगला झेलतो, पण त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. आपला त्रास कोणता ते आधीच्या तपासणीत कळलेलं असतंच. पाठीत लाथ बसत असेल तर रबर, खड्ड्यात नाक आपटत असेल तर हवा.

रबराच्या बाबतीत ‘जास्त क्षमतेचा तो जास्त चांगला’ हे साफ खोटं. १८,००० पौंडांसाठी बनवलेलं रबर ११,००० च्या ट्रेलरखाली दबतच नाही, साधा लोखंडी बॉक्स लावल्यासारखंच वाटतं. काट्यावर मिळालेला खरा आकडा ज्या पट्ट्यात बसतो तोच मॉडेल घ्या.

एअर हिच आणि एअर पिन बॉक्स दोन्ही एकदम लावायचा मोह टाळा. दोन मऊ सांधे एकापाठोपाठ आले की ते एकमेकांना झुलवतात. एकच मऊ सांधा ठेवा, बाकी सगळं घट्ट. आणि ट्रेलरची चौकट ज्या कंपनीची आहे तिची त्या पिन बॉक्सला लेखी मान्यता आहे का ते पाहा. पिन खाली किंवा पुढे गेली की चौकटीवरची तरफ वाढते, म्हणूनच गूजनेकचे, म्हणजे बेडमधल्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडाचे, लांब अ‍ॅडॉप्टर लावल्यावर वॉरंटीचे वाद होतात.

बॉक्स बदलायचा कसा

नवा बॉक्स शंभर ते दोनशे पौंडांच्या घरात असतो, छातीवर घेऊन झोपायचं काम नाही. वजन उचलायला ट्रकचीच मदत घ्या.

१. सपाट, पक्क्या जमिनीवर ट्रेलर जोडलेला असताना जमिनीपासून किंगपिनच्या प्लेटपर्यंतची उंची मोजून लिहा. जुना बॉक्स कितव्या भोकावर आहे त्याचा फोटो काढा.

२. चाकांना गुटके लावा. लँडिंगचे पाय (ट्रेलरचं नाक पेलणारे पुढचे टेकू) पूर्ण भार घेईपर्यंत उतरवा, आणि त्यांच्याजवळ चौकटीखाली दोन जॅक स्टँड लावा. नुसत्या पायांवर भरवसा नको.

३. सात पिनांची केबल (ट्रेलरच्या दिव्यांची आणि ब्रेकची वीज) आणि ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) सोडवा. हिचचा जबडा मात्र बंदच ठेवा.

४. बॉक्सचे बोल्ट काढा. आता बॉक्स हिचवर उभा आहे आणि ट्रेलर स्टँडवर. ट्रक अगदी हळू पुढे घ्या, जुना बॉक्स त्याच्याबरोबर बाहेर येईल.

५. चौकटीची भोकं तपासा. गोल हवीत. लांबट झाली असतील तर काम थांबवा.

६. इंजिन होइस्टने किंवा दोन दणकट माणसांनी नवा बॉक्स हिचमध्ये बसवा, जबडा लावा आणि ट्रक मागे घेत भोकं जुळवा. शेवटचा पाव इंच ट्रकने नाही, लँडिंगच्या पायांनी जुळतो.

७. नवे बोल्ट आणि नवे लॉकनट वापरा, ग्रेड पुस्तिकेत असेल तीच. सगळे हाताने लावून घ्या, मग तिरक्या क्रमाने तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. इम्पॅक्ट गनने आवळलेला बोल्ट किती आवळला ते कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला.

नव्या बॉक्सची पिन जुन्यापेक्षा इंच-दोन इंच वर-खाली किंवा पुढे येऊ शकते. म्हणून उंची पुन्हा मोजा. ट्रेलर जमिनीला समांतर हवा, नाक वर राहिलं तर मागच्या आसावर जास्त भार जातो. त्याच वेळी ट्रकच्या बेडची कड आणि ट्रेलरचं पोट यांत सहा इंचांची फट हवी. साडेपाचच्या खाली जाऊ नका. पेट्रोल पंपाच्या उतारावरून तिरकं बाहेर पडताना ही फट झपाट्याने मिटते आणि बेडची कड चेपते. दोन्ही जमत नसेल तर नाक किंचित वर राहिलं तरी चालेल, फट आधी.

पिन पुढे गेली असेल तर केबल आणि ब्रेकअवेची तार वळणावर ताणत नाहीत ना ते पाहा. तार ट्रकला अडकवायची, हिचला नाही. हिचच उखडली तर तिच्याबरोबर तारही जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत. ब्रेकअवेची चाचणी घेताना सात पिनांची केबल काढून ठेवा, नाहीतर कंट्रोलर जळू शकतो.

हवेचा बॉक्स असेल तर ट्रेलर भरलेला आणि जोडलेला असतानाच हवा भरा, बॉक्सचा हलणारा दांडा बाजूच्या खुणेवर येईपर्यंत. पंप सोबत ठेवा. हवा कमी असलेला बॉक्स रबरी अडथळ्यावर टेकून राहतो, मग महागड्या बॉक्सची चाल जुन्यासारखीच वाटते, आणि लोक कंपनीला दोष देतात.

जोडताना

ट्रेलरची प्लेट हिचच्या डोक्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. ट्रक मागे येताना डोकं प्लेटखाली शिरून ट्रेलरला किंचित उचललं पाहिजे. प्लेट उंच राहिली तर पिनेचं फक्त टोक जबड्यात अडकतं. हिचची दांडी बंद झाल्यासारखी दिसते आणि पहिल्याच चढावर ट्रेलर बेडच्या कडांवर पडतो. हा फिफ्थ व्हीलचा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात महाग अपघात. म्हणून दांडी बंद झाल्यावर टॉर्च घेऊन प्लेट आणि डोकं यांत उजेड दिसतो का ते पाहा. दिसायला नको. मग कुलपाची पिन घाला, केबल आणि तार जोडा, टेलगेट लावा, लँडिंगचे पाय जमिनीपासून जेमतेम इंचभर उचला, हाताने ट्रेलरचे ब्रेक धरा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. पिन निसटलीच तर ट्रेलर इंचभर खाली पायांवर बसेल, बेडवर नाही. ओढून पाहिल्यावरच पाय पूर्ण वर घ्या.

पहिली फेरी

पहिले शंभर मैल झाले की रंगाच्या रेघा पाहा आणि टॉर्क रेंच पुन्हा फिरवा. रेलचे बोल्ट, पिन बॉक्सचे बोल्ट आणि चाकांचे नट, सगळे. टायरमधली हवा ट्रक आणि ट्रेलर दोघांची थंड असताना मोजा. मागचा टायर मऊ असेल तर ट्रक डुलतो आणि दोष हिचला लागतो.

चाचणीसाठी आधी खराब असलेलाच रस्ता, तोच वेग आणि तेच सामान घ्या, नाहीतर तुलना होत नाही. काँक्रीटच्या रस्त्याला बहुधा १५ फुटांवर सांधा असतो. ६० मैलांच्या वेगाला सेकंदाला जवळजवळ सहा ठोके पडतात. ट्रक आणि ट्रेलरच्या स्वतःच्या झोक्याशी ते जुळले की कितीही चांगला बॉक्स असला तरी हिसके जाणवतात. अशा वेळी पाना काढू नका. वेग पाच मैलांनी कमी करून पाहा, ठोक्यांची लय तुटते.